हात कुणाचा

शाळेच्या सात नंबरच्या बसला ड्रायव्हर होता, पण बस चालायची ती पावतीमावशीच्या शिट्टीवर. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे मागच्या बाकावरच्या कुणीतरी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलंय, आणि ते आत आल्याशिवाय बस तसूभरही हलणार नाही. अडतीस पोरं, अठरा थांबे आणि एक मावशी. ड्रायव्हर म्हणायचा, "मी आपला नावाला. स्टेअरिंग माझ्या हातात, पण कारभार सगळा मावशींचा."

पावतीमावशी हे नावही त्यानंच ठेवलेलं. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. बसवर यायच्या आधी मावशी चौदा वर्षं स्टेशनवरच्या सामानघरात होती. लोखंडी मांडण्या, ओल्या चामड्याचा वास, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पितळी बिल्ले. बिल्ला दाखवा, सामान न्या. समोर कुणी हातापाया पडो नाहीतर धमक्या देवो, बिल्ल्याशिवाय पिशवी हलत नसे. चौदा वर्षांत ती एकदाच विरघळली. काळा कोट घातलेला एक गृहस्थ आला, ढसाढसा रडला. भाऊ अचानक गेला म्हणाला, बॅग भावाची आहे, बिल्ला कुठे ठेवलाय ते त्यालाच ठाऊक. सोबत शिक्क्याचं पत्र होतं. मावशीनं पत्र वाचलं, डोळे पुसले आणि बॅग दिली. दोन तासांनी जिवंत भाऊ बिल्ला मुठीत धरून खिडकीशी हजर.

नोकरी गेली. नोकरीपेक्षा जास्त काही गेलं असेल तर ते वेगळं. त्या दिवसापासून रडणारं माणूस आणि शिक्क्याचा कागद, या दोन्हींवरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. घरातसुद्धा ती इतकी चोख झाली की नवरा म्हणायचा, "चहा हवाय. पावती फाडू का?"

शाळेनं तिला बसवर घेतलं तेव्हा पोरं उतरवायची पद्धत म्हणजे आनंदीआनंद होता. बस थांबायची, दार उघडायचं, खाली ज्याचा हात पुढे येईल त्याच्याकडे पोर जायचं. मावशीनं पहिल्याच आठवड्यात कपाळाला हात लावला. "अहो, आम्ही छत्रीसुद्धा अशी देत नव्हतो," ती मुख्याध्यापकांना म्हणाली, आणि स्वतःच बसून अडतीस कार्डं केली. प्रत्येकावर पोराचा फोटो आणि खाली दोन चौकोन. त्या दोन चौकोनांत ज्यांचे फोटो, त्यांच्याच हाती पोर जाणार. कार्डांना भोकं पाडून तिनं ती एका पोलादी रिंगमध्ये ओवली. ती रिंग कायम तिच्या मनगटात असायची.

पण चेहरे फसवतात, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं एक प्रश्न ठरवला. बसच्या पायरीवर पोराचा हात आपल्या हातात घट्ट धरायचा, खालच्या माणसाचा हात पुढे आला की पोराला विचारायचं, "हात कुणाचा?" पोरानं मोठ्यानं सांगायचं, "बाबांचा", "आजीचा", "ताईचा". मग मावशी तो इवलासा हात स्वतः त्या मोठ्या हातात ठेवायची आणि नंतरच आपला सोडायची. एकदा एका आजोबांनी मिशी काढली आणि त्यांचा चेहरा कार्डाशी जुळेना. बस खोळंबली, मागून भोंगे सुरू झाले. मावशी ढिम्म. शेवटी नातवानं आजोबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "मिशी गेली, पण आजोबाच आहेत." मग सुटका झाली. म्हणजे कार्डापेक्षाही शेवटचा शब्द पोराचा. ही पद्धत पुढे शाळेच्या सगळ्या बसनी उचलली आणि मावशीला त्याचा अभिमान होता. का नसावा? नऊ वर्षांत सात नंबरच्या बसमधलं एकही पोर भलत्या हाती गेलं नव्हतं.

खारूताई बसवर आली तेव्हा साडेपाच वर्षांची होती. अकरावा थांबा, बेकरीच्या शेजारचा. तिच्या कार्डावर एकच फोटो होता, काकूंचा. दुसरा चौकोन रिकामा.

"दुसरा फोटो राहिलाय," मावशी म्हणाली होती.

"दुसरं आहे कोण तिला, मावशी?" काकू गोड हसल्या. "हिची आई माझ्याबरोबर पॅकिंगच्या कारखान्यात होती. आता लांब परगावी नोकरीला लागलीय, एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. तिथे मूल नेता येत नाही. सहा महिन्यांत येईल आणि घेऊन जाईल. तोवर माझीच आहे ती."

मावशीला काकू आवडल्या. इस्त्रीचे कपडे, नीट विंचरलेले केस, आणि मुख्य म्हणजे घड्याळ. इतर आया धापा टाकत यायच्या, एखादा बाप तर हमखास विसरायचा. काकू मात्र बस वळणावर दिसायच्या आधीच थांब्यावर उभ्या. वेळेवर येणाऱ्या माणसाला मावशीच्या लेखी सात खून माफ होते. सहा महिने गेले, वर्ष गेलं, आई काही आली नाही. पण काकूंना एकदाही उशीर झाला नाही.

खारूताई हे नाव ड्रायव्हरनं दिलं, ते तिच्या साठवणुकीमुळे. परतीच्या फेरीत पोरांच्या डब्यांत हे ते उरलेलं असायचं. अर्धं बिस्किट, केळ्याचा तुकडा, पावाची कड. ही पुढच्या बाकावर मावशीशेजारी बसायची आणि मागे वळून विचारायची, "तुला नको? मग मला दे." खायची नाही. एक कोटाच्या खिशात, एक मोज्यात, एक गालात. ड्रायव्हर आरशातून बघायचा.

"काय खारूताई, थंडीची बेगमी का?"

"हो, बेगमी," ती म्हणायची. बेगमी म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, पण मोठी माणसं हसतायत म्हणजे चांगलंच काहीतरी असणार. मावशीही हसायची. हसू येण्यासारखंच होतं ते. मोजा फुगलेला, चाल लंगडी, आणि चेहऱ्यावर कोण गांभीर्य.

दुपारी बसमधली लहान पोरं झोपून जायची, माना टाकून, तोंडं उघडी टाकून. ही कधी झोपली नाही. ताठ बसून थांबे मोजायची.

"झोप की गं जरा," मावशी म्हणायची.

"थांबा गेला तर?"

"मी आहे ना उठवायला."

"काकू थांबलेल्या असतात," ती सांगायची आणि पुन्हा मोजायला लागायची, "आठ... नऊ..."

तिच्या बोटांची टोकं कायम पांढरट आणि सुरकुतलेली असायची, नखांच्या कडेला भेगा पडलेल्या. मावशी पर्समधून मलमाची डबी काढून चोळायची. "काय करतेस गं या हातांनी?" "भांडी," ती म्हणाली होती, दुसरं एखादं पोर "चित्रं" म्हणेल तशी. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मावशी स्वतः सहाव्या वर्षी स्टुलावर उभं राहून भांडी घासत होती. वळण लागतंय पोरीला, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि काकूंबद्दलचं मत आणखी वर गेलं, हेही इथे सांगून टाकायला हवं.

एकदा तिनं दप्तराच्या आतल्या कप्प्यातून एक फोटो काढून दाखवला. गोल चेहऱ्याची एक तरुण बाई, खांद्यावरून पुढे घेतलेली जाडजूड लांब वेणी, कमरेच्याही खाली जाणारी.

"ही माझी आई. दर रविवारी फोनमध्ये येते."

"छान आहे हो वेणी," मावशी म्हणाली.

"मी धरून झोपायची," खारूताई म्हणाली आणि फोटो पुन्हा कप्प्यात गेला, बिस्किटाच्या एका तुकड्याशेजारी.

दुसऱ्या वर्षी थंडीत पोर आठवडाभर स्वेटरशिवाय आली, तेव्हा मात्र मावशी शाळेच्या कारकुनाकडे गेली. त्यानं फाइल काढली, पान उलटलं. "पालक म्हणून सही आहे. पत्ता आहे. फी वेळेवर आहे. मावशी, तुमचं काम बसमध्ये. घरात कोण काय घालतं ते बघायला आपण कोण?" मावशी परत आली. खरं सांगायचं तर तिलाही हेच ऐकायचं होतं. कारकुनानं "थांबा, चौकशी करू" असं म्हटलं असतं तर तिची पंचाईत झाली असती. दुसऱ्या दिवशी तिनं लेकीचा जुना स्वेटर आणून दिला. काकूंनी थांब्यावर त्याबद्दल आभार मानले. स्वेटर पुन्हा कधी दिसला नाही.

मग तो मंगळवार आला.

बस वळणावर आली तेव्हा अकराव्या थांब्यावर काकू नव्हत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. त्यांच्या जागी एक किडकिडीत बाई उभी होती. डोक्यावर पुरुषासारखे बारीक कापलेले केस, हातात प्रवासाची पिशवी, कोट चुरगळलेला. दार उघडायच्या आतच तिनं काचेवर दोन्ही हात ठेवले होते. ती आत बघत होती.

मावशीनं दार उघडलं आणि पायरीवर वाट अडवून उभी राहिली. मागे खारूताईचा हात तिच्या हातात.

"कोण हवंय?"

"माझी मुलगी," बाई म्हणाली. घसा पार बसलेला. "मी आई आहे तिची. जिच्याकडे ठेवलीय त्या बाईनं तीन रविवार फोनवर दिली नाही मला. झोपलीय म्हणते, खेळायला गेलीय म्हणते. मी रजा काढून आले. घरी गेले तर दार उघडेना. शाळेत गेले तर म्हणतात, पालक दुसऱ्या आहेत, कागद आणा. हा बघा कागद. जन्माचा दाखला आहे. तिचं नाव, माझं नाव, सगळं आहे."

तिनं कागद पुढे केला. कागदावर शिक्का होता. बाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मावशीला एकदम ओल्या चामड्याचा वास आला, असं तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं. शिक्का आणि रडणं, दोन्ही एकदम, आणि मागे बसमधली पोरं.

तिनं रिंग चाळली. कार्डावर एक फोटो होता आणि तो या बाईचा नव्हता. मग तिला दप्तरातला फोटो आठवला. ती बाईच्या खांद्याकडे बघू लागली. तिथे वेणी नव्हती.

तरी तिनं नियमाप्रमाणे विचारलं. हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं, तिनं विचारलं. खारूताईला पुढे घेतलं, बाईचा हात पुढे आलेलाच होता.

"हात कुणाचा?"

पोर त्या हाताकडे बघत राहिली. मग वर त्या बारीक केसांकडे, घामेजल्या, सुजल्या चेहऱ्याकडे. पाच वर्षांची असताना सोडून गेलेली आई आता तिला फोनमधला एक आवाज म्हणून ओळखीची होती, आणि तो आवाजही आज बसलेला होता. बाईनं तिला घरच्या नावानं हाक मारली. पोरीच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडली, काहीतरी आठवता आठवता राहावं तशी. अजून एखादं मिनिट मिळालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मावशीनं पुढे आयुष्यभर स्वतःला विचारला.

ते मिनिट मिळालं नाही. बेकरीच्या बाजूनं काकू धावत आल्या. धावतानाही केस नीटच होते.

"मावशी, देऊ नका," त्या म्हणाल्या. "ही बाई सकाळपासून माझ्या दाराशी आरडाओरडा करतेय. डोकं फिरलंय तिचं. चल गं, बाळा."

काकूंचा हात पुढे आला. कार्डावरचा चेहरा, ओळखीचा हात.

"हात कुणाचा?" मावशीनं विचारलं.

"काकूंचा," खारूताई म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट, शिकवलं होतं तसं.

मावशीनं तो सुरकुतल्या बोटांचा हात काकूंच्या हातात ठेवला आणि आपला सोडला. बाई पुढे झेपावली तसा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं तिला धरून ठेवलं, पार काकू कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत. मग मावशीनं दोन शिट्ट्या दिल्या.

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती जरा ताठ मानेनं. नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, कागद कसा होता, बाई कशी रडत होती. "पण मी बधले नाही. आज एक पोर वाचवलं," ती म्हणाली. नवऱ्यानं स्वतः उठून चहा केला. बुधवारी मुख्याध्यापकांनी सगळ्या बसच्या बायकांना बोलावून तिचं कौतुक केलं. सावधपणा असावा तर असा, म्हणाले. टाळ्या झाल्या.

बुधवारी खारूताई थांब्यावर नव्हती. गुरुवारीही नव्हती. शुक्रवारी कारकुनानं सांगितलं की अकराव्या थांब्याचं कार्ड काढून टाका, नाव कमी केलंय. पालकांनी येऊन सही केली, गाव सोडतायत. कुठे जातायत ते विचारलं नाही, तसा रकाना नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. बस अकराव्या थांब्यावर थांबायचं कारण नव्हतं, पण ड्रायव्हरचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. बेकरीबाहेरच्या बाकावर ती बाई बसली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. हळू उठून आली आणि मावशीच्या हातात एक फोटो दिला. गोल चेहरा, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. दप्तरातल्या कप्प्यातला तोच, तिच्याकडची प्रत.

"मी सांभाळते त्या म्हाताऱ्या बाईंना भान नसतं," ती म्हणाली. "वेणी धरून ओढायच्या. म्हणून कापली."

 मावशी बसच्या पायरीवरच बसली. तिला सगळं एकदम कळलं. मागे कुणीतरी मुंडकं बाहेर काढलं होतं, तरी शिट्टी वाजली नाही.

उरलेली पोरं घरी पोचवून मावशी आणि ती आई दोघी मिळून मुलांसाठीच्या सरकारी कार्यालयात गेल्या. असं कार्यालय आपल्या शहरात आहे हे मावशीला त्या दिवशी कळलं. बस रोज दोनदा त्याच्या दारावरून जात होती.

तिथल्या अधिकारी बाई मावशीच्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "नात्यातलं नसलेलं मूल महिन्याच्या वर घरात ठेवायचं असेल तर आम्हाला कळवावं लागतं. ठेवणाऱ्यानंही आणि आईबापानंही. मग आम्ही घर बघायला जातो, मुलाशी एकटं बोलतो. तुम्ही कळवलं होतं?"

"मला माहीतच नव्हतं," आई म्हणाली. "ती म्हणाली, आपल्या आपल्यात कसले कागद. सहा महिन्यांचाच तर प्रश्न होता. मग बाई आजारी पडल्या, मग रजा नाही, मग..." 

"कुणीच कळवलं नाही. आमच्या लेखी ही मुलगी या शहरात नव्हतीच," अधिकारी बाई म्हणाल्या. मग त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, "तुम्ही तिला रोज बघत होतात. काही जाणवलं होतं?"

मावशी सांगू लागली. आधी सावकाश, मग थांबेना. मोज्यातली बिस्किटं. गालात धरलेला पाव. कधीच न झोपणं. थांबे मोजणं. बोटांच्या भेगा, भांडी. एकदा आलेला आणि पुन्हा न दिसलेला स्वेटर. एकेक गोष्ट तोंडातून बाहेर पडत होती आणि टेबलावर जणू आपली आपण शेजारी शेजारी जाऊन बसत होती, आणि मावशीला ती पहिल्यांदाच एकत्र दिसत होती. आई शेजारी बसून ऐकत होती. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"हे तुम्ही तेव्हा कुणाला बोललात का?"

"ड्रायव्हरला," मावशी म्हणाली. "आम्ही हसायचो."

अधिकारी बाईंनी ते लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

शोधायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मावशीनं शिट्टी वाजवली, पोरं चढवली, उतरवली, पण तिची रया गेली. ड्रायव्हरनं थट्टा सोडून दिली. रात्रीच्या जेवणाला ती बसायची आणि पावाची कड हातात घेऊन बघत राहायची. नवरा म्हणायचा, "अगं, तू नियमानं वागलीस." ती म्हणायची, "हो ना. तेच." एवढं एक केलं तिनं, मुख्याध्यापकांच्या दाराशी आठ दिवस ठिय्या देऊन प्रत्येक कार्डावर दोन ओळी वाढवून घेतल्या. मूल कुणाजवळ राहतं, आणि आईबाप कुठे आहेत. पहिल्यांदा कारकून कुरकुरला. मग भरून आलेली कार्डं मोजली तेव्हा एकट्या सात नंबरच्या बसमध्ये परक्या घरी राहणारी चार पोरं निघाली. मावशी त्यांच्याशेजारी रोज बसत होती आणि तिला त्यातल्या एकाचंही ठाऊक नव्हतं. अधिकारी बाई चारही घरी जाऊन आल्या. चारही घरं चांगली होती. एका घरच्या म्हाताऱ्या जोडप्यानं तर त्या पोरीला इतकं लाडावून ठेवलं होतं की शाळेलाच तक्रार करावी लागली असती. मावशीला बरं वाटलं. पण त्या बरं वाटण्याला चव नव्हती.

खारूताई सापडली ती दूरच्या एका गावात, काकूंच्या भावाच्या घरी. शाळेत नाव नव्हतं. घरातलं तान्हं मूल सांभाळत होती आणि स्टुलावर उभी राहून भांडी घासत होती. काकूंवर खटला उभा राहिला. त्यासाठी मावशीचा जबाब हवा होता, आणि ते जुनं कार्डही. मावशीनं ते रिंगमधून कधी काढलंच नव्हतं.

कार्यालयातल्या खोलीत एक लांब बाक होता, एक टेबल, कोपऱ्यात खेळण्यांचं खोकं. बाकावर आई बसली होती आणि तिच्याशेजारी खारूताई, वीतभर उंच झालेली. उवा झाल्या म्हणून तिचे केस कुणीतरी बारीक कापले होते. मायलेकींची डोकी आता सारखी दिसत होती. आईनं नोकरी सोडली होती, इथेच एका धुलाई केंद्रात काम धरलं होतं. तिचा आवाज आता ठीक होता. तिनं लेकीचा हात आपल्या हातात धरलेला होता.

अधिकारी बाईंनी बशीत बिस्किटं ठेवली. मुलीनं एक घेतलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं खाली वाकून मोज्यात सरकवलं. आईनं ते बघितलं. बशीतली आणखी दोन उचलून तिनं स्वतःच तिच्या दुसऱ्या मोज्यात ठेवली.

मावशीचा जबाब झाला, सही झाली. आता उठून जायचं होतं. पण तिला जाववेना. एक शब्द ऐकावा आणि मग जावं, असं तिला वाटलं. तेवढा एक शब्द कानावर पडला तर आजची रात्र तरी डोळा लागेल. स्वतःसाठीच होतं ते, पोरीसाठी नव्हतं, आणि मावशीनं पुढे ते कुणापासून लपवलंही नाही. ती बाकासमोर गुडघ्यांवर बसली. रिंग तिच्या मनगटात होती. आईच्या हातातल्या त्या लहान हाताकडे तिनं बोट केलं आणि जमेल तेवढ्या मायेनं विचारलं, "हात कुणाचा?"

मुलीनं मावशीकडे बघितलं, मग रिंगकडे. ती ताठ बसली. आपला हात जिच्या हातात आहे तिच्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. या मावशीला कुठलं उत्तर चालतं, कुठलं उत्तर दिलं की ती हात सोडते, ते तिला पक्कं पाठ होतं.

"काकूंचा," ती म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट.

 आईनं डोळे मिटले, पण हात सोडला नाही. दुसरा हातही तिनं त्यावर ठेवला.

"राहू द्या, मावशी," ती म्हणाली. "परत नका विचारू. मी सांगत असते तिला रोज. येईल कधीतरी."

मावशी उठली. रिंग उघडायला तिला फार वेळ लागला. अकराव्या थांब्याचं कार्ड काढून तिनं टेबलावर ठेवलं, एक फोटो काकूंचा आणि एक रिकामा चौकोन. अधिकारी बाईंनी कार्ड मिळाल्याची पावती लिहून दिली. मावशीनं ती न वाचताच पर्समध्ये टाकली आणि दार हळू ओढून घेतलं.